पेशींना लावायचा रंग

कप खाली ठेवून ऐका, न्हाईतर हसताना सांडल. माझ्या धाकट्या भावाच्या, सखारामच्या पायात रक्तच पोचत नव्हतं. चिमटा काढला तरी कळायचं न्हाई. पाय कापायची पाळी आल्ती. मंग शहरातले एक डॉक्टर म्हणाले, "यांच्याच हाडातल्या पेशी काढून पायात सोडून बघू. अशा पेशींना रंग लावला, तर कुठं गेल्या ते मशीनमध्ये दिसतं."

मी ताडकन उठले. "रंग? आम्ही मेंढरंवाले हाव, डॉक्टर. खुणेचा नवा रंग आला की आधी एकाच मेंढीला लावतो अन् तिला दारात बांधून बघतो. कातडी सोलली तर डबा उकिरड्यावर! तुम्ही कुणाला लावून बघितला?"

"उंदरांना."

"उंदीर जित्ते हाईत का?"

डॉक्टर हसले. "आहेत. पण रंगानं पेशी मरतात का, हे अजून तपासतोय. म्हणून यांच्या पायात बिनरंगाच्याच पेशी सोडणार."

"मंग सोडा की जल्दी!"

सखाराम पलंगावरून ओरडला, "आक्के, पाय माझा हाय! मला तरी विचार!"

सोडल्या पेशी. बरेच दिवस काहीच फरक न्हाई. पाय कापायची सुरी डोळ्यांपुढून हलंना. अन् एका सकाळी सखाराम किंचाळला, "आक्के, पायाच्या अंगठ्याला मुंगी चावली गं!"

मी पळत जाऊन पेढे आणले अन् अख्ख्या वॉर्डात वाटले. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "पोरगं झालं का गं?"

म्हणलं, "न्हाई मावशी, भावाला मुंगी चावली!"