अप्पांचा पहारा

हसू नका, आमचे अप्पा तुमच्या घरी नाहीत म्हणून हसताय! कुठलंही बटण चालू दिसलं की हे माझे वडील ते बंद करणारच. त्यापायी चार्जिंग अर्धवट राहून उणकलहून सप्तापूरला जाताना माझी इलेक्ट्रिक स्कूटर दोनदा वाटेत बंद पडली. म्हटलं, आता बघतेच! स्कूटरच्या चार्जरला एक छोटा सर्किट बोर्ड जोडला. बॅटरी किती भरली ते मिनिटामिनिटाला मोबाइलवर येणार, आणि चार्जिंग थांबलं की लगेच मेसेज. वर अप्पांचाही नंबर त्यात घातला आणि त्यांनाच पहाऱ्यावर बसवलं.

"व्हरांड्यातून हलत नाही बघ," म्हणाले.

मी बाजारात पोचले आणि मेसेज आला, चार्जिंग थांबलं! तसाच फोन लावला.

"अप्पा, बटण कुणी बंद केलं?"

"बटणाला हात लावला नाही. पिन काढली."

"कुणी?"

"मीच की!"

"अहो, का पण?"

"तुझ्या चार्जरचे मेसेज वाचून वाचून माझा मोबाइल संपत आला. व्हरांड्यात सॉकेट एकच. म्हणून तिथं मोबाइल लावला. तो बंद पडला तर तुझ्या चार्जिंगवर लक्ष कोण ठेवणार?"