परदेशाचं पान

मुलगी : …एकूण चारशे बारा बातम्या, बाबा. तुमच्याच कात्रणवह्यांतून मोजल्या. दंगली एकशे साठ, पूर-भूकंप एकशे तीस, सरकार पडल्याच्या चौऱ्याण्णव.

वडील : मग मी वेगळं काय सांगत होतो? अशा देशात दोन वर्षं पाण्यावर संशोधन करायला जाणार तू? हमीपत्रावर माझी सही मिळणार नाही.

मुलगी : सरकार खरोखर पडलं चार वेळा. नव्वद वेळा ते नुसतं ‘पडणार’ होतं.

वडील : एकतीस वर्षं पेपरात परदेशाचं पान मी लावलंय. मला शिकवू नकोस.

मुलगी : उरलेल्या अठ्ठावीस बातम्या फुटबॉलच्या. आणि जळक्या बसचा हा फोटो एकोणीस वेळा. तीच बस, तोच खांब, तेच कुत्रं.

वडील : ऑफिसच्या कपाटात त्या देशाचा तेवढाच फोटो होता. सातच्या आत पान छपाईला सोडायचं असायचं. नवा काय खिशातून काढू?

मुलगी : आणि बातम्यांची शेपटं कुठे गेली?

वडील : जागा पुरली नाही की खालून कापायचं. सगळेच कापतात.

मुलगी : ‘दुपारी दुकानं उघडली’ हे वाक्य खालीच असतं, बाबा. ते तुम्ही कापलंत, आणि आता तुम्हीच त्या बंद दुकानांना घाबरताय.

वडील : जीभ फार चालायला लागलीय. दुपारी दुकानं उघडली म्हणून सकाळी मेलेले उठून बसले का?

मुलगी : खोटं छापलंत असं म्हणतच नाहीये मी. अर्धं छापलंत. आज पाचला मुदत संपतेय. तिथल्या माझ्या मार्गदर्शक सरांशी एकदा बोला तरी. हा घ्या, लावलाय फोन.

(बऱ्याच वेळाने फोन बंद होतो.)

मुलगी : काय म्हणाले?

वडील : आधी विचारलं, तुमच्याकडचा पूर ओसरला का.

मुलगी : कुठला पूर?

वडील : सात वर्षांपूर्वीचा. वर म्हणतात, मुलीला इकडे पाठवताय ते बरं करताय, तिथे तिचं कसं व्हायचं. कुठून भरतं यांच्या डोक्यात असलं?

मुलगी : पेपर वाचत असतील.

वडील : हसू नकोस. इथे माणसं कामावर जातात, पोरं शाळेत जातात, नळाला पाणी येतं, हे मी पाढे म्हटल्यासारखं सांगत बसलो. पेन दे इकडे. सही कुठे करायची?

मुलगी : इथे, तारखेच्या वर. अकरा मिनिटं बोललात.

वडील : त्यातली नऊ समजावण्यात गेली.

मुलगी : पटलं त्यांना?

वडील : नाही.