पाच चुलींचं गाव

सुरतेत प्लेग शिरला होता. धुळ्याच्या एसटीच्या रांगेत हर्षदाच्या पुढे एक म्हातारा आणि त्याची सून उभी होती. सुनेच्या खांद्यावर पोर खोकत होती.

"मामंजी, आपल्या गावाला पाचचुली का म्हणतात हो?"

"जुन्या कागदांत हरिपूर आहे. पटकीत सगळं गाव गेलं, पाच चुली तेवढ्या पेटत राहिल्या."

"मरीआईची कृपा."

"कसली कृपा! त्या पाच घरांनी शिवेवर बाभळीचे काटे लावले. बाहेरून आलेल्याला आत घेतलं नाही. पोटच्या पोरालासुद्धा."

"आपलं घर होतं त्यांत?"

"काटे माझ्या आज्यानंच तोडून आणले."

"आता सरपंच थोरले भाऊजीच आहेत ना?"

"हो."

पोर पुन्हा खोकली. हर्षदा दोन पावलं मागे सरली.