एका घरात दोन फ्रेमवर्क

...नाही, भांडण म्हणूच नका हो त्याला! भांडण परवडलं, भांडण कधीतरी संपतं तरी. ही चर्चा होती. तांत्रिक चर्चा! तीन आठवडे! आणि कुणाशी? तर सख्ख्या बायकोशी, भर ऑफिसात, सगळ्यांसमोर, आणि संध्याकाळी तीच चर्चा घरी आणून, गरम करून, पुन्हा जेवणाबरोबर! आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

तुम्हाला सांगतो, आम्ही दोघं एकाच कंपनीत. वेबसाइट बनवतो. ती खिडकीजवळ बसते, मी प्रिंटरजवळ, सुखानं चाललं होतं. आणि एक दिवस जनावरांच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचं काम आलं. काम केवढं? भेटीची वेळ ठरवायचं एक पान! जनावर कुठलं, मालक कोण, तारीख कुठली, आणि खाली एक बटण. बास! पण आमचे साहेब... ते फळ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे कशात बनवायचं? बोला, अगदी मोकळेपणानं बोला." साहेब मोकळेपणानं बोला म्हणाले की माणसानं तोंड घट्ट मिटावं, पण माझी जीभ! मी म्हणालो, "अँग्युलर." आणि खिडकीकडून आवाज आला, "रिअ‍ॅक्ट."

झालं! दोन्ही म्हणजे वेबसाइट बांधायचे तयार सांगाडे, फ्रेमवर्क म्हणतात त्यांना, आणि एकाचा माणूस दुसऱ्याला नावं ठेवतोच.

मी शांतपणे, हो, शांतपणेच, म्हणालो, "अँग्युलरमध्ये सगळं एकाच पेटीत मिळतं, नियम ठरलेले, शोधाशोध नाही." तर ही म्हणते, "म्हणजे दोन दिवसांच्या सहलीला अख्खं कपाट न्यायचं!" मी म्हणालो, "आणि तुझ्या रिअ‍ॅक्टचं काय? नुसता टूथब्रश घेऊन निघायचं, बाकी सगळं वाटेत गोळा करायचं!" इथवर चर्चा तांत्रिक होती बरं का. पण ती म्हणाली, "गेल्या सहलीला तू खरंच टूथब्रश विसरला होतास, माझा वापरलास." सगळं ऑफिस माझ्या दातांकडे बघायला लागलं! माझं काय चुकलं?

साहेबांना तर आनंदच झाला. "छान! निरोगी स्पर्धा!" त्यांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. दोघांनी एकेक नमुना करायचा, डॉक्टरीणबाई पसंत करतील तो घ्यायचा. अहो, तुमची ती निरोगी स्पर्धा, झोप माझी गेली! दोन्हीकडे माणसं वाटली गेली. माझ्याकडे एक दाढीवाला आला, तो कुणाचंही बोलणं "मुळात" असं म्हणून तोडायचा. चहाच्या मशीनपाशीसुद्धा दोन रांगा झाल्या. मशीन एकच!

आणि घरी? घरी मी न्यायासाठी आईकडे गेलो. आई म्हणजे माझी आई, सख्खी! तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "तुझं ते जे काय आहे, अँग्युलर का फँग्युलर, त्यानं कुत्रं लवकर बरं होतं का?" मी म्हणालो, "नाही, पण..." "मग सुनेचंच बरोबर आहे." अहो, सुनेच्यानं तरी कुठं होतं! पण ते विचारायची सोय नाही.

तर दिवस उजाडला. डॉक्टरीणबाई आल्या, बाहीला मांजरांचे केस, घाईत. आधी हिचं पान बघितलं. झकास चाललं, खोटं कशाला बोलू? मग माझं. बाईंनी स्वतः भरलं. जनावर, कुत्रा. तारीख, पंचवीस. बटण दाबलं... आणि पडद्यावर ते चाक फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय, फिरतंय! दाढीवाला म्हणाला, "मुळात..." आणि दाढीच खाजवायला लागला. आणि मागून आवाज आला. हिचा.

"महिना आणि दिवस उलटे घेतलेयस. पंचविसावा महिना शोधतंय ते."

पुढं येऊन माझ्या खुर्चीत बसली, एक ओळ बदलली, चाक थांबलं, कुत्र्याची वेळ ठरली. जिंकत होती हो ती! नुसतं गप्प बसली असती तरी जिंकली असती! मी हळूच विचारलं, "तुला माझं अँग्युलर कसं येतं?" म्हणाली, "तीन आठवडे दुसरं काय ऐकतेय? तू दात घासतानासुद्धा तेच बोलतोस. आणि तपासताना तारीख कुठली टाकायचास?"

"पाच मे."

पाचवा दिवस, पाचवा महिना! उलटा करा, सुलटा करा, चुकणार कुठून? पण ती हसली. साहेबांसमोर हसली. म्हणाली, "लग्नाची तारीख लक्षात आहे म्हणजे." काय सांगू तुम्हाला, तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली होती, आणि माझं पान पडल्याचं मला काही वाटेनासं झालं.

मग डॉक्टरीणबाई माझ्या पानाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हेच घेते. अक्षरं मोठी आहेत, चष्मा लागत नाही." जिंकलो! अँग्युलर जिंकलं! मी दाढीवाल्याला मिठी मारणार, इतक्यात बाई पुढं म्हणाल्या, "पण काम या मुलीच्या हाताखाली होऊ दे. ते बिघडलं तर हिला कळतं."

साहेब म्हणाले, "अर्थात!"

अर्थात! माझं तंत्रज्ञान, माझं पान, माझी मोठी अक्षरं, आणि वर प्रमुख कोण? ही! आता सकाळी मी तिला काय केलं, काय राहिलं ते उभ्यानं सांगतो, आणि आई घरी विचारते, "आज ओरडली नाही ना रे?" माझं काय चुकलं?

बरं, परवा अंग दुखत होतं, म्हणून तिच्या टेबलापाशी जाऊन एक दिवसाची रजा मागितली. स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "घरचं ऑफिसात नको, घरी बोलू." घरी गेलो, जेवण झालं, पुन्हा विषय काढला.

म्हणाली, "ऑफिसचं घरी नको. उद्या अर्ज टाक."