मानाची रिकामी सुई

मी शेख अजहर शेख गयासुद्दीन, वय २३ वर्षे, शिक्षण आठवी पास, सैन्यात मेस कीपर म्हणून नोकरी, मूळ राहणार धामकवाडी, तालुका नांदगाव खंडेश्वर, जिल्हा अमरावती, सध्या नेमणूक आसामात. आज दिनांक २२ जुलै २०२१ रोजी सकाळी ११ वाजता मला कोणीही बोलावलेले नसताना पोलीस स्टेशनात स्वतःच्या पायाने आलो आणि समक्ष सांगतो ते असे की,

मी ५ तारखेपासून सुट्टीवर आहे. २४ तारखेला माझी परतीची गाडी आहे. गावात मला मेजर म्हणतात. मी मेसमध्ये भांडी घासतो. हे मी गावाला बरेचदा सांगितले, गाव ऐकत नाही. माझे वडील गावातल्या बैलांच्या पोळ्याच्या झुली शिवतात.

दिनांक १४ जुलै रोजी आमच्या शाळेत कोरोनाची लस द्यायला दीक्षा सिस्टर आल्या. त्यांची नोकरी कंत्राटी आहे. सकाळी दहापासून बारापर्यंत शाळेत सिस्टर, मास्तर आणि एक कुत्रा यांच्याशिवाय कोणी नव्हते. बाकी गाव समोर निंबाखाली बसून पाहत होते. सुई घेतली की माणूस दोन वर्षांत खपते असे गावाचे म्हणणे होते. हे कोणी सांगितले ते कोणालाच माहीत नव्हते.

सरपंच खुशालराव उठून म्हणाले, "पोळ्यात मानाच्या जोडीआंधी कोनाची जोडी तोरनाखालून जाते काय? मंग सुईचा मान कोनाचा थे ठरवा पयले."

मनकर्णाबाई, वय अंदाजे सत्तर, म्हणाल्या, "गयासुद्दीनच्या पोराले द्या. देशाचा बैल हाये थो."

सर्वांना ते पटले. मला घरून आणले. माझ्या वडिलांनी शिवलेली एक झूल कोणीतरी माझ्या खांद्यावर टाकली. ती बैलाची आहे हे मी ओळखले, पण मानाचा प्रसंग असल्याने काही बोललो नाही.

मी सिस्टरला हळूच सांगितले की माझ्या दोन्ही सुया युनिटमध्ये झाल्या आहेत. तिथे सुभेदार साहेबांनी आम्हाला लाइनीत उभे करून सांगितले होते, "लस अपनी मर्जी से है. जिसकी मर्जी नहीं, वो कल सुबह मुझे आके समझाए." समजवायला कोणी गेले नाही.

सिस्टर म्हणाल्या, "मंग तुमाले तिसरी देता येत नाही भाऊ. मोबाईल तिसरी नोंदच घेत नाही." मी म्हणालो, "टोचू नका, टेकवा. टोपन राहू द्या." त्या म्हणाल्या, "माही नौकरी जाईन." मी निंबाखालचे गाव दाखवले. म्हणालो, "गेली तं माह्यावर टाका." ही युक्ती माझी. सिस्टरची नाही.

त्यांनी टोपण न काढलेली रिकामी सुई माझ्या दंडाला टेकवली. मी ओरडलो. खुशालराव म्हणाले, "झालं! फुटला पोळा!" आणि मानाच्या जोडीमागे बाकीचे बैल निघतात तशी लोकांनी लाइन लावली. त्या दिवशी सत्तेचाळीस जणांनी सुई घेतली. त्या सर्व सुया खऱ्या होत्या. मनकर्णाबाई तेवढ्या सुई न घेता घरी निघून गेल्या.

माझ्यासोबत शिकलेला किशोर याने मोबाईलवर या सर्वाचा व्हिडिओ काढला होता. दोन दिवसांनी त्याला टोपण दिसले. त्याने ते मोठे करून गावोगावी पाठवले, खाली लिहिले, "मिल्ट्रीवाल्याले रिकामी, गावाले पानी." सिस्टरने सर्वांना रिकाम्या सुया दिल्या आणि मी ओरडण्याचे नाटक केले, असा त्याचा पोलिसात अर्ज आहे. १९ तारखेपासून सिस्टरला घरी बसवले आहे. गावात आता कोणी सुई घेत नाही.

माझे म्हणणे असे की, किशोर स्वतः सुई घेऊन दोन दिवस तापाने पडून होता. त्याच्या आईने त्याच्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. पाण्याने ताप येत नाही. त्याच्या आईला विचारावे.

हा जबाब लिहून घेणाऱ्या जमादार साहेबांनी विचारले, "टोपन होतं, टोचलं नाही, मंग वरडला काहून बे? नाटकच ना?"

मी प्यायला पाणी मागितले. ते दिले.

मी सांगतो की ते नाटक नव्हते. मला सुईची भीती वाटते. टोपण असले तरी वाटते. युनिटमध्ये मला दोघांनी धरले होते. दोन्ही वेळा. ही गोष्ट आजपर्यंत वडिलांना सुद्धा माहीत नव्हती. एवढे वाक्य लिहू नये अशी मी विनंती केली. साहेब म्हणाले, "याच्यावरच तं सिस्टरची नौकरी हाये लेका." म्हणून राहू दिले.

माझी जी काही चूक असेल ती माझ्या युनिटला कळवावी, सिस्टरला कामावर घ्यावे.

वरील मजकूर साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्या वेळी खिडकीबाहेर किशोर, खुशालराव, माझे वडील व अर्धे गाव उभे होते. भीतीचे वाक्य साहेबांनी दोनदा वाचले. दोन्ही वेळा ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर होते. किशोर लई हसला. वडील हसले नाहीत.

पुरवणी: खिडकीतून मनकर्णाबाई जे बोलल्या, ते माझ्या आग्रहावरून खाली घेतले आहे.

"मेल्या, आंधी नाही सांगाव? बोलवा त्या सिस्टरले. मले बी दोघं जनं धरजा."

(सही) शेख अजहर