सारसोळ्याच्या सासूबाईंचा वेग

तुम्ही मला नकाशांचा जाणकार म्हणता, पण माझा एक नकाशा गुडघेदुखीच्या म्हातारीने दुरुस्त केलाय. सारसोळे गावाला स्वतःचा दवाखाना हवा होता. आत्ताचा दवाखाना चालत किती लांब, हे मागणीवर निर्णय घेणाऱ्या समितीने मला विचारलं. मी संगणकावर मोजलं. दहा मिनिटांच्या आतली घरं हिरवी, बाकीची लाल दिसणार होती, आणि सगळं गाव हिरवं झालं. म्हणजे मागणी बाद.

मला ते पटेना. आमच्या सोसायटीत मासळी विकणाऱ्या सारसोळ्याच्या हिराबाईंना नकाशा दाखवला.

"काका, ही वाट कोन चाललं?"

"संगणकाने हिशेब केला."

"त्याचे गुडघे दुखतान काय? उद्या माझे सासूला घेऊन चला."

सासूबाई ऐंशीच्या. वाटेत तीनदा बसल्या. मोठा रस्ता ओलांडताना मध्येच सिग्नल बदलला आणि मीच मागे वळू लागलो. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "घाबरू नको बाला, गाड्या थांबतान." दवाखाना आला तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

त्यांचा वेग घालून मी पुन्हा मोजलं, तर गाव लाल झालं. बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "चालण्याचा हा वेग कुठल्या तज्ज्ञाचा?"

इतक्या पदव्या असून मी कागद चाळू लागलो. मागे गावकऱ्यांत बसलेल्या हिराबाई उठल्या.

"माझे सासूचा. ती खाली जिन्यापाशी बसलीय. शंका असंल त्यानी तिच्यासंगती चालून बगा."

एकही साहेब खुर्चीतून उठला नाही. मागणी मंजूर झाली.