डेस्कटॉपवरचा आवाज

बारामतीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढे भिगवणचं एक वयस्क जोडपं बसलं होतं. बाईंच्या, ठमामावशींच्या, गळ्याला पट्टी होती.

"तात्या, काम झालं. जुना पीसी, यूएसबीचा ड्रायव्हरच उडाला हुता. म्हणून पेन ड्राइव्ह गोगलगायीवानी चालायचा. आता बघा कसा पळतोय."

"ब्येस झालं, मोईन. आता हिचा आवाज भर त्यात. घशाच्या ऑपरेशनआधी लेकीनं हिला तासभर बोलाय लावलं हुतं. आता बोलता येत न्हाय. नात मोठी झाली की तिला ऐकवायचाय."

"कुठल्या ड्राइव्हला हाय?"

"समोरच की. चालू केला की गणपतीच्या फोटूशेजारी दिसायचा."

"डेस्कटॉपवर? डी ड्राइव्हला न्हाय?"

"आमाला काय ठावं डी न् फी? डोळ्यापुढं असावा म्हणून तितं ठेवला."

"तात्या, ड्रायव्हर घेतच नव्हता. मी नवं विंडोज टाकलं. त्यात डेस्कटॉपवरचं सगळं पुसलं जातं, डीवरचं तेवढं राहतं."

"आन् आवाज?"

"त्योबी गेला. आधी विचारायला पायजे हुतं मी."

"परत काढता येत आसंल की."

"कालपासनं नवं भरलंय त्याच जागेवर. पुण्याला डिस्क पाठवून बघतो, पर खोटी आशा देत न्हाय. लेकीच्या मोबाईलवर आसंल का?"

"त्यो कवाच बदलला."

"मग ठमामावशींना आत्ताच सांगू नका. घरी गेल्यावर सावकाश सांगा."

"आरं, घसा काढलाय तिचा. कान न्हाईत काढलं."